बाळ घरी येतंय आणि शेरू गुरगुरतोय

सोबती : पाळीव प्राण्यांविषयी वाचकांचे प्रश्न आणि पशुवैद्यकांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, मला सातवा महिना चालू आहे. आमच्याकडे शेरू नावाचा पाच वर्षांचा गावठी कुत्रा आहे. लॉकडाऊनमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेलं हे पिल्लू आम्ही वर आणलं. माझ्यावर त्याचा फार जीव आहे, रात्री पलंगावर माझ्या पायाशी झोपतो. पण जेवताना त्याच्या भांड्याजवळून कुणी गेलं की गुरगुरतो. पलंगावरून उतरवायला गेलं की माझ्या नवऱ्याला दात दाखवतो. दिवाळीत जमिनीवर पडलेला चकलीचा तुकडा आमच्या कामाच्या मावशी उचलायला गेल्या, तर त्यांच्या हाताला चावला. एकदाच चावून मागे झाला, पण रक्त आलं. लिफ्टमध्ये लहान मुलं दिसली की पट्टा ताणून भुंकतो. नवरा गुंडाळलेल्या पेपरने मारतो, त्याचा काही उपयोग होत नाही. सासूबाई म्हणतात, बाळ यायच्या आत त्याला दिंडोरीला नातेवाइकांच्या मळ्यावर नेऊन सोडा. मी बाळंतपणाला कोल्हापूरला माहेरी जाणार आहे आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की नाशिकला परत येणार. आमचं घर दोन बेडरूमचं, तिसऱ्या मजल्यावर आहे. शेरूला ठेवावं का? ठेवायचं तर घराची तयारी काय करावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात मावशींच्या हाताबद्दल एवढंच आलं आहे की रक्त आलं. पुढे काय केलं ते नाही, म्हणून आधी तेच विचारते. त्यांना त्या दिवशी दवाखान्यात नेलं होतं का? कातडी फाटून रक्त आलं की ती तिसऱ्या श्रेणीची जखम धरतात. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस व इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), दोन्ही घ्यायचं. कुत्रा घरचा आहे, त्याला लस टोचलेली आहे, म्हणून हे टाळायचं नाही. ज्याच्या लाळेत चावतेवेळी रेबीजचा विषाणू असतो, तो कुत्रा साधारण दहा दिवसांत दगावतो. शेरू दिवाळीपासून आजवर धडधाकट आहे, म्हणजे त्या चाव्याची तरी धास्ती उरली नाही. पण मावशी अजून कामाला येत असतील तर पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं त्यांनाही नीट समजावून सांगा. तुम्ही दोघं घरात नसताना शेरू आणि त्या समोरासमोर येणार नाहीत अशी सोय करा. उद्या बाळ घरात आल्यावर दिवसाचे कितीतरी तास त्याच त्याच्या आसपास असणार आहेत.

आता शेरूबद्दल. पत्रावरून मला वाटतं की तो घरात राहू शकेल, मात्र घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने बंद दाराची शिस्त पाळली तरच. तो कशाने चिडतो ते तुम्हाला ठाऊक आहे : अन्न, पलंग, आणि जिथून पळ काढता येत नाही अशी जागा. चिडण्याआधी तो तसं कळवतो. चावला तेव्हाही धरून न ठेवता मागे झाला. या तिन्ही गोष्टी त्याच्या बाजूच्या आहेत. कधी चिडेल, कशाने चिडेल याचा पत्ताच लागत नाही असा कुत्रा असता, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

‘शेरू बाळाला जीव लावेल ना?’ हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण बहुतेक आयांच्या मनात ते असतं. सध्या तो प्रश्न बाजूला ठेवा. त्याचा मूड कसाही असो, बाळाला धोका होणार नाही अशी घराची मांडणी करायची आहे. जीव लावायचा असेल तर तो पुढे लावेल, त्याची घाई कुणीही करू नये.

पेपरचा मार आजपासून बंद. गुरगुरून शेरू सांगत असतो, ‘मला भीती वाटतेय, लांब राहा.’ असं सांगितल्याबद्दल मार बसत गेला की कुत्रा सांगणं सोडून देतो. भीती जागच्या जागी राहते. ‘काही कळायच्या आत चावला हो’ असं म्हणत माझ्याकडे आणलेल्या कुत्र्यांचा इतिहास विचारला की बहुतेक वेळा हेच निघतं : लहानपणापासून गुरगुरल्यावर मार खाल्लेला असतो. तेव्हा तुमच्या नवऱ्याला माझा आग्रहाचा निरोप द्या. शेरू गुरगुरला की दोन पावलं मागे व्हा, तो कशामुळे गुरगुरला ते लक्षात ठेवा आणि ती वेळ पुन्हा येऊ देऊ नका.

गुरगुरण्याच्याही आधीच्या खुणा सगळ्यांनी शिकून घ्या, सासूबाईंनीसुद्धा. समोर खायला काही नसताना ओठांवरून जीभ फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई, तोंड बाजूला वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं, त्या वेळी दिसणारी बुबुळाभोवतीची पांढरी कोर, एक पंजा उचलून धरणं. या सगळ्यांत सर्वात गंभीर म्हणजे अंग ताठ करून जागीच थिजणं. खाता खाता शेरू मध्येच थांबला आणि तोंड भांड्यातच ठेवून स्तब्ध झाला, तर पुढचं पाऊल गुरगुरण्याचं किंवा थेट दाताचं असतं. शेपूट हलतेय म्हणजे आनंदात आहे, हा समज अनेकांना महागात पडलेला आहे. ताठ, उंच धरलेली आणि भराभर हलणारी शेपूट तणावाचीही असते.

या आठवड्यात करायचं पहिलं काम म्हणजे त्याला पशुवैद्यकाकडे नेऊन पूर्ण तपासून घेणं. दात, कान, पाठ, कंबर, सांधे. पलंगावरून उतरवताना जो कुत्रा चिडतो त्याची कंबर दुखत असण्याची शक्यता मी नेहमी आधी बघते. कानाच्या जुन्या संसर्गाने चिडचिडी झालेली कुत्री औषधाने आठवड्याभरात निवळलेली पाहिली आहेत. दुखणं नसेल आणि मूळ स्वभावच भित्रा असेल, तर त्यावरही औषधं आहेत. फ्लुऑक्सेटिनसारख्या गोळीचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून डॉक्टरांनी सुचवली तर ती आत्ताच सुरू झालेली बरी. गोळीने कुत्रा गुंगीत राहील ही भीती नको. योग्य मात्रेत भीती थोडी कमी होते आणि शिकवलेलं डोक्यात शिरायला जागा होते. नसबंदी केल्यावर हे सगळं थांबेल असं कुणी सांगेल. नसबंदी इतर कारणांसाठी जरूर करावी, पण अन्नावरचं गुरगुरणं तिने जात नाही.

आता माहेरी जाण्याबद्दल. बाळ येण्याआधी कुत्र्याला कसं तयार करायचं याचे परदेशी सल्ले तुम्ही वाचले असतील. त्यांत आई दोन-तीन दिवस दवाखान्यात असते आणि लगेच बाळ घेऊन घरी येते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. शेरूच्या दृष्टीने त्याचं सर्वात जवळचं माणूस एक दिवस निघून जाणार, कित्येक महिने दिसणार नाही आणि येईल तेव्हा त्याच्या हातात एक रडणारं गाठोडं असणार. ही अडचण आहे, पण तयारीला एवढा सलग वेळही दुसऱ्या कुणाला मिळत नाही. तुम्ही निघेपर्यंतचे दिवस आणि तुम्ही कोल्हापूरला असाल ते महिने, दोन्ही धरून काम आखा.

तुम्ही इथे आहात तोवर शेरूचा दिवस हळूहळू नवऱ्याच्या हाती द्या. सकाळ-संध्याकाळ फिरवणं, जेवण, अंग विंचरणं, सगळं. लिफ्टमध्ये पट्टा ताणणारा कुत्रा सातव्या महिन्यात तुम्ही धरूच नका, पडण्याची भीती असते. लिफ्टमध्ये मुलं असतील तर नवऱ्यानेही पुढच्या लिफ्टची वाट पाहावी किंवा जिन्याने जावं. मुलांच्या जवळ नेऊन सवय लावायचा प्रयत्न नको. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाची मुलं शेरूला दिसू द्यायची, दिसली की उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. त्याने भुंकायला सुरुवात केली म्हणजे अंतर कमी पडलं असं समजायचं आणि मागे जायचं.

पलंगाचं आत्ताच ठरवा. बाळ आल्यानंतर त्याला पलंगावरून हटवलं तर त्याची जागा बाळामुळे गेली अशी सांगड त्याच्या डोक्यात बसू शकते. आत्ता हटवलं तर बाळाचा संबंध येत नाही. घरात असताना त्याच्या पट्ट्याला एक हलकी, हाताभर लांब दोरी ठेवा. उतरवताना हात त्याच्या गळ्याजवळ जाऊ देऊ नका. खाली उभं राहून खाऊ दाखवा, ‘खाली’ म्हणा, उतरला की द्या. अडून बसलाच तर लांबूनच दोरी हातात घ्या आणि त्याच्यावर ओणवं न होता चालायला लागा. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, जिथून माणसांची ये-जा होत नाही तिथे, त्याची गादी टाका. दिवसभरात चांगलं जे काही मिळेल ते त्या गादीवरच मिळू दे. ‘जागेवर’ म्हटलं की गादीवर जाऊन बसणं एवढी एक आज्ञा पक्की झाली, तर पुढचं निम्मं काम होतं.

जेवणाच्या भांड्यात हात घालून ‘सवय’ करू नका. हा सल्ला अजून सर्रास दिला जातो आणि त्याने चांगली कुत्रीही बिघडतात. शेरूचं जेवण यापुढे कोरड्या बाल्कनीत, दार लावून. संपलं की त्याला बाहेर बोलवायचं, दुसऱ्या खोलीत न्यायचं आणि मग भांडं उचलायचं. हाडं आणि चघळायच्या वस्तूही दारामागेच. शिवाय नवऱ्याने एक सराव करावा. शेरू जेवत असताना, तो अजिबात ताठ होणार नाही इतक्या लांबून चालत जाताना त्याच्याकडे पनीरचा किंवा कलेजीचा तुकडा टाकायचा आणि न थांबता पुढे निघून जायचं. माणूस जवळ आलं की काही जात नाही, उलट मिळतं, हे त्याला अनेक आठवड्यांत उमगतं. हा सराव मोठ्यांसाठी आहे. त्यात कितीही प्रगती झाली तरी बाळ मोठं होईपर्यंत बाल्कनीचं दार बंदच राहील.

जाळीचं दार लावून घ्या. बाजारात बेबी गेट मिळतात, पण उडी मारणाऱ्या गावठी कुत्र्याला ते पुरे पडत नाहीत. सुताराकडून बाळाच्या खोलीच्या चौकटीला छातीएवढं किंवा पूर्ण उंचीचं जाळीचं दार बसवून घ्या, कडी बाहेरून आणि आतून दोन्हीकडून लागेल असं. आरपार दिसत असल्यामुळे शेरूला एकटं पडल्यासारखं होत नाही. हे दार तुम्ही कोल्हापूरला जाण्याआधी बसायला हवं, म्हणजे सगळ्यांच्या हाताला कडी लावायचं वळण लागेल. पाहुणे, कुरिअरवाला, गडबड, कुणीतरी दार उघडं टाकणार हे धरूनच चाला. म्हणून शेरूची जागा आणि बाळ यांच्यामध्ये नेहमी दोन अडथळे ठेवा : एक जाळीचं दार आणि दुसरा पट्टा किंवा दुसरं दार.

मुसक्याची सवय लावा. मुसकं म्हटलं की वाचकांना वाईट वाटतं, मला ठाऊक आहे. पण पिंजऱ्यासारखं उघडं मुसकं असतं, त्यात कुत्रा धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो. तोंड आवळून धरणारं कापडी मुसकं मात्र आणू नका. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, आपल्या उन्हाळ्यात तोंड बंद राहिलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. मुसक्याच्या आतून दही लावा आणि त्याला स्वतःहून तोंड घालू द्या. आधी काही क्षण, मग थोडा वेळ, मग पट्टा अडकवून. घाई केली नाही तर मुसकं दिसताच शेपूट हलवत येणारी कुत्री मी पाहिली आहेत. ते घातलं की दार उघडं टाकायचं असा मात्र अर्थ नाही.

तान्ह्या बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावा. आवाज इतका बारीक की शेरूचा फक्त कान हलेल. त्याच वेळी खाऊ. आवाज बंद, खाऊ बंद. काही आठवड्यांत हळूहळू वाढवा. तो उठून फिरायला लागला, धापा टाकू लागला, कण्हू लागला तर आवाज कमी करा. एक उशी दुपट्यात गुंडाळून नवऱ्याने हातात घेऊन घरात फिरावं, शेरूला ‘जागेवर’ बसवावं, एका हाताने दार लावायचा सराव करावा. उशी म्हणजे बाळ नाही हे शेरूला लगेच कळतं. हा सराव माणसांसाठी आहे. बाळ हातात असताना कुत्र्याला कसं आवरायचं हे त्या दिवशी प्रथमच शिकायची वेळ येऊ नये.

नवरा कोल्हापूरहून परतताना बाळाचं वापरलेलं दुपटं जरूर आणू दे. गादीजवळ ठेवावं, शेरूने आपणहून हुंगलं तर खाऊ द्यावा, नाकाशी धरू नये. वासाची ओळख होते, इतकंच. दुपटं हुंगवलं म्हणजे काम झालं असं मानणारी घरं मी पाहिली आहेत, तसं मानू नका.

तुम्ही घरी याल त्या दिवसाचा क्रम आधी ठरवून ठेवा. उंबऱ्यावर बाळाला आणि तुम्हाला ओवाळून भाकरतुकडा टाकतील. अन्न राखणारा कुत्रा, दारात माणसांची दाटी, हातात बाळ आणि जमिनीजवळ भाकरीचा तुकडा, या सगळ्या गोष्टी एकाच जागी येतात. त्याआधीच शेरूला लांब फिरायला न्यावं. तुम्ही घरात स्थिरावलात, बाळ आजीजवळ दार लावलेल्या खोलीत झोपलं, की शेरूला वर आणावं आणि तुम्ही एकट्याने, रिकाम्या हातांनी त्याला भेटावं. कित्येक महिन्यांनी भेटतोय, तो उड्या मारेल, रडेलही. त्याला मनसोक्त भेटू दे. बाळ त्या दिवशी त्याने पाहिलंच पाहिजे असं काही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाळीच्या दारापलीकडून, तो पट्ट्याला आणि तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला, एवढं बस.

आपल्या घरांत तान्हं बाळ पाळण्यात कमी आणि जमिनीवर जास्त असतं. मालिशवाल्या मावशी पायांवर घेऊन तेल चोळतात, मग गोधडीवर ऊन, शेक, धुरी. हे सगळं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर चालतं. शेरूची सकाळची फेरी बरोबर त्याच वेळी ठेवा. झोळी किंवा हलता पाळणाही त्याच्या नजरेसमोर टांगू नका, हलणाऱ्या आणि मध्येच किंचाळणाऱ्या वस्तूमागे धावण्याची ओढ कुत्र्यात उपजत असते. बाळंतिणीचे लाडू झाकणाच्या डब्यात, उंचावर. डिंकाच्या लाडवात मनुका-बेदाणे असतील तर ते कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. लाडू खाली पडला तर कुणीही वाकून उचलायला धावू नये, आधी शेरूला दुसरीकडे बोलवावं. बारसं नाशिकच्या घरी करणार असाल तर तो दिवस शेरूने ओळखीच्या माणसाकडे किंवा बोर्डिंगमध्ये काढावा.

खरा अवघड काळ बाळ रांगायला लागल्यावर येतो, सहाव्या ते दहाव्या महिन्याच्या सुमाराला. तोवर सगळ्यांना वाटायला लागतं की आता जमलं. मग बाळ स्वतःहून त्याच्या गादीकडे सरकतं, हातात बिस्कीट असतं. जाळीचं दार त्या वेळी अजिबात काढू नका.

आता ठेवू नये असं कधी म्हणावं तेही सांगते. बाळाकडे टक लावून, थरथरत, हाका मारूनही नजर न हलवता बघत राहिला. काही न कळवता चावला. चावून धरून ठेवलं. किंवा घरातलं कुणीतरी म्हणतंच असेल की मला हे दार-कडी रोज जमणार नाही. यांतलं काहीही असेल तर शेरूने दुसरीकडे राहणंच योग्य आणि त्यात तुम्ही त्याला टाकलं असं होत नाही. मूल नसलेलं, कुत्र्यांचा अनुभव असलेलं घर शोधा आणि तो चावला आहे हे त्यांना आधी स्पष्ट सांगा. दिंडोरीच्या मळ्यावर ‘सोडणं’ मला मान्य नाही. पाच वर्षं तिसऱ्या मजल्यावर वाढलेला कुत्रा तिथे साखळीला बांधला जाईल. नाशिक जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर किती आहे आणि बांधलेलं कुत्रं त्यांच्यासाठी काय असतं, हे मळ्यावरच्या माणसांनाच विचारा. पाळलेल्या प्राण्याला वाऱ्यावर सोडणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. सासूबाईंची काळजी मात्र रास्त आहे. त्यांना या तयारीत घ्या, जाळीच्या दाराची जबाबदारी त्यांच्याकडे द्या. नातवंडासाठी त्यांच्याइतकं डोळ्यांत तेल घालून दुसरं कुणी बसणार नाही.

प्रश्न : माझ्या नातसुनेला दिवस गेले आहेत आणि घरात एक पामेरियन आहे. कुत्र्याचा केस पोटात गेला की बाळाला त्रास होतो, दमा होतो म्हणतात. कुत्र्यामुळे गर्भाला धोका असतो असंही ऐकलं.
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, केस पोटात गेला तर तो शौचावाटे बाहेर पडतो, त्याने काही होत नाही. गर्भाला धोका असलेला जो आजार तुमच्या कानावर आला असेल तो टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा, आणि त्याचा संबंध मांजराच्या विष्ठेशी व अर्धकच्च्या मांसाशी आहे. पामेरियनमुळे घाबरू नका. दम्याबद्दल 2015 साली स्वीडनमध्ये सहा लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांमध्ये शाळेच्या वयात दम्याचं प्रमाण सुमारे 13 टक्क्यांनी कमी आढळलं. याचा अर्थ दम्यासाठी कुत्रा पाळावा असा नाही, आणि घरात कुणाला कुत्र्याची ॲलर्जी असेल तर तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

काळजी घ्यायची ती जंतांची. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या. गोल जंतांची अंडी मातीत पडल्यावर दोन ते चार आठवड्यांनी संसर्ग करण्याजोगी होतात, म्हणून शी त्याच दिवशी उचलली तर तो धोका जवळपास जातो. हे काम सध्या नातवाने करावं. गोचिडीचं औषध चालू ठेवा, रेबीजची लस दरवर्षी, आणि पावसाळ्याआधी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) अंतर्भाव असलेली लस टोचून घ्या. बाळाचं तोंड आणि हात चाटू देऊ नका. पामेरियन लहान असतो म्हणून त्याच्या दातांना कुणी भीत नाही, पण तान्ह्या बाळाच्या तोंडावर त्याचा चावाही तितकाच गंभीर ठरतो. बाळ आणि तो एका खोलीत असतील तेव्हा मोठं माणूस तिथे जागं आणि जवळ हवं.

प्रश्न : आमची लॅब्रेडॉर नऊ वर्षांची, अतिशय प्रेमळ. मुलगा दहा महिन्यांचा झाला, आता तिच्या अंगावर चढतो, कान ओढतो. ती निमूट सहन करायची. परवा प्रथमच गुरगुरली. आम्ही फार ओरडलो तिला. ती बिघडली का?
– एक वडील, ठाणे

उत्तर : ती बिघडलेली नाही, तिला बहुधा दुखतंय. नऊ वर्षांच्या लॅब्रेडॉरला कंबर आणि कोपराचा संधिवात अगदी सामान्य आहे आणि ही जात दुखणं लपवण्यात पटाईत. मुलगा आधारासाठी तिचं अंग धरून उभा राहतो तेव्हा त्याचं वजन नेमकं तिथेच येतं. ‘निमूट सहन करायची’ असं तुम्ही म्हणता, त्या महिन्यांत तिने तोंड वळवलं असेल, जांभया दिल्या असतील, उठून दुसरीकडे गेली असेल आणि तो तिच्यामागे रांगत गेला असेल. घरातले जुने फोटो नीट बघा, त्यांतल्या काही फोटोंत तिची नजर कॅमेऱ्यापासून वळलेली दिसेल. ‘आमची कुत्री काही करत नाही’ या भरवशावर काढलेले असे फोटो मला रोज कुणीतरी कौतुकाने दाखवतं आणि माझा जीव वर-खाली होतो.

तिला याच आठवड्यात तपासून घ्या, गरज असेल तर एक्स-रे काढा. माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या घरच्या घरी देऊ नका, त्यांतल्या काही कुत्र्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक असतात. वजन जास्त असेल तर डॉक्टरांशी बोलून आहार ठरवा, वजन उतरलं की सांध्यांना पुष्कळ आराम पडतो. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरा. तिला अशी एक जागा द्या जिथे मुलगा पोहोचूच शकणार नाही. तुमच्याकडे जुना लाकडी प्लेपेन (मूल आत खेळत राहील असा कठडा) असेल तर त्यात मुलाला ठेवा आणि तिला मोकळं सोडा. बहुतेक घरं याच्या उलट करतात. मुलगा तिच्या दिशेने निघाला की दर वेळी त्यालाच उचलायचं, तिला हाकलायचं नाही. आणि ती पुन्हा गुरगुरली तर तिला एक शब्दही न बोलता मुलाला दूर न्या.